गोदक्काच्या गाडीचे बुश

तेरदाळकर अण्णांनी माझी पुरणपोळी एकदा नापास केली होती. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्यावर डूख धरून होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले, तर ते शेजारधर्म म्हणून बोलत नाही हे तुम्हांला कळेल.

लग्न होऊन मी बेळगावहून बंगळूरला आले आणि मल्लेश्वरमला आमचं बिऱ्हाड झालं. आमचे हे आणि अण्णा एकाच सरकारी कारखान्यात. त्यांच्या आणि आमच्या घरामधे फक्त कमरेएवढी भिंत. पहिल्याच होळीला मी मोठ्या हौसेनं पोळ्यांचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेले. अण्णांनी एक पोळी उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरली, कडेनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "वहिनी, पुरण मधे जाड आहे. कडेपर्यंत पोचलेलंच नाही." अहो, खाऊन तरी बघा! माझा चेहरा उतरला. तेवढ्यात त्यांची बायको गोदक्का आतून कडाडली, "अय्यो, तो कारखाना तिकडंच ठेवून येत जा हो जरा!" आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभ्या उभ्या तिनं ती अख्खी पोळी खाल्ली, बोटं चाटली, वर म्हणाली, "सुमा, उद्या आणखी दोन आण. यांना दाखवायच्या नाहीत." गोदक्का ही अशी. तिला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

अण्णा तपासणी खात्यात होते. कारखान्यात घडवलेला भाग त्यांच्या मेजावर यायचा. मापात असला तर पास. केसभर इकडंतिकडं असला तर त्यावर तांबड्या पेन्सिलीची फुली. ती पेन्सिल घरीसुद्धा सदऱ्याच्या खिशात असे. 'चालेल' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "चालेल म्हणजे काय? चालतं ते गाढव. वस्तू बरोबर असते, नाहीतर नसते." आमच्या ह्यांनी एकदा शिवणी लाकडाचं कपाट करून घेतलं आणि कौतुकानं अण्णांना दाखवायला बोलावलं. अण्णा दारातूनच म्हणाले, "मागचा डावा पाय अधांतरी आहे." सुतार शपथा घ्यायला लागला. अण्णांनी पुठ्ठ्याचा तुकडा मागितला आणि त्या पायाखाली सर्रकन सरकवला. ह्यांनी दोन दिवस अण्णांशी अबोला धरला. तो पुठ्ठा मात्र अजून तिथंच आहे.

माणूस खडूस होता का? होता. पण दुष्ट नव्हता. स्वतःलाही तीच पट्टी लावायचा. दाढी करताना एक कल्ला वर गेला, तर मोजून दुसराही तेवढाच वर न्यायचा. गोदक्का म्हणायची, "एक दिवस हे असंच करत करत टकले होणार."

त्यांच्याकडे एक जुनी काळी विलायती गाडी होती. कॉफीच्या मळ्यावरचा कुणी साहेब देश सोडून जाताना विकून गेलेला. मी तिला म्हैस म्हणायचे. रविवारी म्हैस धुतली जायची, पुसली जायची, आणि मग गोदक्का मोगऱ्याचा गजरा माळून पुढं बसायची. लालबागेला जायची, कधी नंदी डोंगराला. मागं आम्ही दोघं. अण्णा गाडी चालवताना बोलत नसत, गाडीचा आवाज ऐकत. गोदक्का मात्र अखंड बोलायची. मूलबाळ नव्हतं त्यांना. त्याबद्दल तिनं माझ्याशी एकदाच अवाक्षर काढलं, आणि लगेच भाजीच्या भावावर गेली.

मग तिच्या कमरेत दुखायला लागलं. आधी वाताचं म्हणून नारायण तेल चोळून झालं, शेक देऊन झाले. शेवटी मोठ्या इस्पितळात फोटो काढला तेव्हा कळलं, मणक्याचा क्षय. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर, पाठीखाली फळी, आणि महिन्यातून दोनदा बुधवारी इस्पितळात न्यायचं. इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. डॉक्टर म्हणाले, उपचार सोडायचे नाहीत, सोडले तर पाय जातील आणि मग काहीच हातात उरणार नाही.

नेणार कसं? जटक्यात घोड्याच्या प्रत्येक पावलाला हिसका. टॅक्सीवाल्याला हळू जा म्हटलं की तो दोन वळणं हळू जायचा आणि मग व्हायचं तेच. राहिली म्हैस. आपल्या शेजारची पुढची बैठक काढून अण्णांनी तिथून मागच्या बैठकीपर्यंत फळी बसवली, म्हणजे गोदक्काला मागं टेकून आडवं होता यावं. पण तोवर म्हशीचीच हाडं खिळखिळी झाली होती. खड्डा आला की पुढून खाडकन आवाज यायचा आणि तो धक्का थेट गोदक्काच्या मणक्यात जायचा. घरी आल्यावर तीन-तीन दिवस ती कण्हत पडायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मी इकडं कुकर लावायचे आणि रडायचे.

गाडीला काय झालंय ते मला अण्णांनीच भिंतीवरून समजावलं. चाक धरून ठेवणारे लोखंडी हात असतात. ते जिथं सांध्यात बसतात तिथं लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून मधे रबराची जाड बांगडी असते, तिला बुश म्हणायचं. धक्का ते रबर खातं, माणसापर्यंत येऊ देत नाही. म्हशीच्या वरच्या डब्यातून तेल गळत होतं आणि कित्येक महिने ते थेंब थेंब या रबरांवर पडत होतं. "रबराला तेल म्हणजे विष, वहिनी. फुगतं, लिबलिबीत होतं आणि मग त्याचा भुगा होतो." गळती त्यांनी कलासिपाळ्याच्या एका मिस्त्रीकडून बंद करून घेतली. पण गेलेलं रबर कुठून आणणार? बाहेरच्या देशातले सुटे भाग येणं त्या दिवसांत जवळजवळ बंदच झालेलं. कलासिपाळ्याच्या जुन्या बाजारात त्या गाडीचा आरसा मिळाला, कंदील मिळाला, बुश नाही.

हे सगळं ते मला सांगायचे, ह्यांना सांगायचे, पण घरात एक शब्द काढत नसत. गाडीचा विषय निघाला की गोदक्काला वाटायचं, माझ्यापायी यांच्या जिवाला हा घोर. म्हणून तेल, रबर, बुश, सगळं भिंतीच्या अलीकडं.

मग सुरू झाली नकली बुशांची परवड. कुणी लॉरीच्या टायरमधून कापून दिले. कुणी कातड्याचे थर चिकटवून दिले. कुणी म्हणे सागवानी लाकूड तेलात उकळून घाला, शंभर वर्षं जाईल. अण्णा प्रत्येक तुकडा पायरीवर घेऊन बसायचे, अंगठ्यानं दाबायचे, आतून बोट फिरवायचे आणि तांबडी फुली मारून बाजूला ठेवायचे. पायरीवर फुल्यांचा ढीग साचला. एका बुधवारी गोदक्का आल्या आल्या ओकली, इतकी कळ लागली तिला. मग माझा तोल सुटला. मी भिंतीवरून ओरडले, "अण्णा, घाला हो त्यातला कुठला तरी! नसल्यापेक्षा बरा! इथं तरी मेली ती फुली आवरा!"

ते चिडले नाहीत. टायरचा एक तुकडा माझ्यासमोर धरला. म्हणाले, "वहिनी, हा आत चिरलाय. रस्त्यात फुटला तर चाक एकीकडं जाईल. आणि गाडीत ती असेल."

मी आत गेले.

त्याच आठवड्यात गोदक्कानं सांगून टाकलं, "मला आता नेऊ नका. जे व्हायचं ते इथंच होऊ दे. माझ्यानं त्या रस्त्यानं जाववत नाही." एक बुधवार गेला, दुसरा गेला. डॉक्टरांचा निरोप आला. अण्णांनी समजावलं, मी समजावलं, आमच्या ह्यांनी तर हात जोडले. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. ज्या बाईला गप्प बस म्हणायला माणूस लागायचं, ती अशी गप्प झालेली बघवत नव्हती.

आणि नेमके तेव्हाच बुश आले. कारखान्यातले राव म्हणून एक गृहस्थ शिकायला विलायतेला गेले होते, त्यांना अण्णांनी सगळी मापं लिहून दिली होती. रावांनी ते लोकरी मोज्यांत कोंबून आणले. काळे, तुकतुकीत, कोरे करकरीत. अण्णांनी एकेक पायरीवर घेतला, दाबला, फिरवला, मोजला. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. त्यांनी पेन्सिल काढलीच नाही. "बरोबर आहेत," एवढंच म्हणाले, आणि आवाज कापरा झाला म्हणून खोकल्याचं निमित्त केलं. त्या माणसाला असं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

गोदक्कानं ते हातात घेऊन पाहिले आणि किती दिवसांनी हसली. "एवढ्याशा रबरापायी माझा जीव घेत होती होय म्हैस!" आणि म्हणाली, येईन इस्पितळात. या बुशांनी भागलं तर येत राहीन. नाही भागलं तर मात्र पुन्हा विचारायचं नाही. अण्णा त्याच संध्याकाळी बसवायला निघाले होते. पण उद्या घट बसणार होते. "आता नवरात्र तोंडावर आलंय. नवी वस्तू दसऱ्याला लावावी. तोवर देवाजवळ राहू देत," ती म्हणाली. अण्णांचा मुहूर्ताबिहूर्तावर काडीचा विश्वास नव्हता. पण ती यायला कबूल झाली होती. ती म्हणेल तसं. "सरी, तसं तर तसं," म्हणाले, आणि बुश देवघरात ठेवले. देवघराच्या शेजारीच तिची खाट होती.

आता ऐका. खंडेनवमीला आपण हत्यारं काढतो, घासतो, तेलाचा हात देतो, हळदकुंकू लावतो. बंगळुरात तर ते आयुधपूजेचं केवढं प्रस्थ! कारखान्यात यंत्रांना हार, लॉरींना केळीचे खांब, चाकापुढं कोहळे फुटताहेत, घरोघर चुरमुऱ्यांचा प्रसाद. गोदक्काला वाटलं, सगळ्या हत्यारांना तेल मिळतं आणि हे बिचारे माझ्यासाठी सातासमुद्रापलीकडून आलेले कोरडेच बसलेत. घट बसले त्याच दुपारी तिनं आडव्या आडव्या हात लांबवून ते बुश घेतले, पोटावर वाडगा ठेवला आणि एकेकाला चोळून चोळून तेल लावलं. नुसतं लावलं नाही. सांधे मऊ व्हावेत म्हणून वाडग्यात बुडवून, वर झाकण घालून देवाजवळ ठेवले. तेलही साधं नव्हे. तिच्या पाठीला चोळायचं उरलेलं नारायण तेल. जे माझ्या हाडांना, ते गाडीच्या हाडांना. नऊ दिवस रोज त्या झाकणावर फूल वाहत होती बिचारी.

दसऱ्याला सकाळी सोनं द्यायला मी गेले तेव्हा अण्णा अंघोळ करून देवघरात शिरतच होते. त्यांनी झाकण उचललं. मी शेजारीच उभी होते. बुश गुलाबजामांसारखे टम्म फुगले होते. अण्णांनी एक उचलून दाबला. अंगठ्याची खूण तशीच राहिली, वर आलीच नाही.

"कसे झालेत हो?" गोदक्कानं खाटेवरून विचारलं. "मीच बुडवून ठेवले. रोज बघत होते. मऊ झाले ना?"

अण्णांची पाठ तिच्याकडं होती, तोंड माझ्याकडं. ते तोंड मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. मला वाटलं, आता हा माणूस वाडगा भिंतीवर आपटतो. खिशाकडं हात गेलासुद्धा. मग तो हात खाली आला, त्यांनी चेहरा पुसला आणि तिच्याकडं वळून म्हणाले, "छान झालेत. पास."

उभ्या जन्मात त्यांनी खोटा पास दिला तो हा. बाहेर भिंतीशी मला म्हणाले, "वहिनी, तिला कळता कामा नये. आपल्या हातानं गेलं म्हटल्यावर ती पुन्हा खाटेवरून उठायची नाही. देवाचीच इच्छा म्हणेल." दुसरे आणायला आता विलायतेला जाणारं कुणी नव्हतं. ते दुपारभर म्हशीखाली आडवे होते. ते फुगलेले गोळे कसेबसे कोंबून बसवले, चाक सुटणार नाही एवढं पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि हात धुऊन आत जाऊन तिला सांगितलं, "बुधवारी बघ तू, कशी जाते ती."

बुधवारी मी मागं तिच्या शेजारी बसले, तिचा हात हातात घेऊन. अण्णा इतकं हळू चालवत होते की सायकलवाले ओलांडून जात होते. पण रस्ता कुणाच्या बापाचा ऐकतो? पहिला खड्डा आला, खाडकन! गोदक्काची नखं माझ्या तळव्यात रुतली. मी ओरडणार तेवढ्यात तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ओठ दाबले. आणि ती मोठ्यानं, अगदी सहज आवाजात म्हणाली, "अहो, किती फरक पडलाय! काही लागत नाही." रेल्वेच्या फाटकावर रुळांवरून जाताना तर माझ्या हातातून रक्त आलं. "वा," ती म्हणाली. कपाळावर घामाच्या धारा आणि तोंडानं वा. एवढं सगळं यांनी केलं, आता दुखतं म्हणून कुठल्या तोंडानं सांगू, असं तिनं मला नंतर कानात सांगितलं. म्हणजे त्याचं खोटं तिच्यासाठी आणि तिचं त्याच्यासाठी, आणि दोन्ही सांभाळायला मी. कुठं फेडू हे पाप, सांगा!

त्या दिवशी डॉक्टर माझ्यादेखत अण्णांना म्हणाले, "हलवताना दुखलं तर दुखू दे. कळ जाणवतेय तोवर आतल्या शिरा जिवंत आहेत. कळ अचानक थांबली, पाय बधिर वाटले, तर मात्र मला त्याच दिवशी सांगायचं."

परत आल्यावर तिला आत निजवून अण्णा घराच्या फाटकाशी आले. "वहिनी, खरं सांगा. तिला लागलं?"

मी मूठ मिटली. "नाही हो अण्णा. मऊ जात होती गाडी."

"हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा."

मी हात उघडला. त्यांनी चष्मा वर सारून, वाकून, मेजावर आलेला भाग पाहावा तसा माझा तळवा पाहिला. बोट लावलं नाही. मग म्हणाले, "पुढच्या खेपेलाही याल ना?"

गेले. दर खेपेला गेले. दर खेपेला गोदक्का आत गेली की अण्णा म्हणायचे, "वहिनी, हात," आणि मी दाखवायचे. वळ पाहून ते मान हलवायचे. त्यात दुःख असायचं, पण नंतर नंतर मला दिसायला लागलं, थोडा धीरही असायचा. मला आधी राग आला. मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि राग गेला. मी माझी नखं कापायचे, पण तिची काप असं तिला कधी म्हटलं नाही.

असा हिवाळा गेला, उन्हाळा गेला. श्रावणातल्या एका बुधवारी निघालो तेव्हा रस्त्याची पावसानं चाळण झालेली. म्हशीचा आवाज तर असा, की जणू पुढं कुणी कुदळ घेऊन बसलंय. मी हात आधीच आवळून धरला होता. फाटक आलं. रुळांवरून गाडी अशी आपटली की माझे दात दातांवर आदळले. गोदक्काची बोटं माझ्या हातात होती तशीच राहिली. मी तिच्याकडं पाहिलं. ती खिडकीतून शेवंतीचे हार करणाऱ्या बाईकडं बघत होती.

"गोदक्का," मी हळूच म्हटलं, "फाटक गेलं."

"गेलं? मला कळलंच नाही ग." आणि मग मोठ्यानं, पूर्वीच्या त्या खणखणीत आवाजात, "अहो, ऐकलंत का? आज काही म्हणजे काही लागलं नाही! देवाशपथ!"

देवाशपथ ती यापूर्वी कधी म्हणाली नव्हती. आरशात मला अण्णांचे डोळे दिसले. त्यानंतर त्यांनी गाडी हळू चालवली नाही. खड्डे बघितलेच नाहीत. जेवढी धावेल तेवढी दामटली. मागं गोदक्का मजेत हसत होती.

इस्पितळाच्या पोर्चमध्ये तिला स्ट्रेचरवर घालून आत नेलं. अण्णा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "हात," म्हणाले. माझ्यानं मूठ उघडवेना. "उघडा, वहिनी."

तळवा स्वच्छ होता. जुन्या वळांवर खपल्या होत्या, नवं काही नव्हतं. त्यांनी वाकून पाहिलं. "दुसरा." मी दुसराही दाखवला.

"फाटकावरही नाही?"

"नाही, अण्णा."

डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं होतं. ते तिकडे जायला वळले, दोन पावलं गेले आणि परत येऊन गाडीच्या पायरीवर बसले. मी त्यांना उठा म्हटलं, चला म्हटलं. त्यांना ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. इस्पितळाचं दार उघडंच होतं. आत गोदक्का नर्सला कन्नडमधून सांगत होती, आमची गाडी आता पाळण्यासारखी झालीय, बसून बघा एकदा, सगळं आमच्या ह्यांनी आपल्या हातानं केलंय.